पहिली शिवी

हल्लीच्या खलनायकांना शिव्या खायच्या नसतात, ही माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे. मी आणि माझी नात मानसी संध्याकाळी टीव्हीवर कुस्त्या बघतो. मातीतल्या नव्हेत. दिव्यांच्या आणि धुराच्या, ज्यांत पैलवानाच्या आधी त्याचं गाणं आत येतं. एखादा माणूस छान दुष्टपणा करत असतो, आम्ही दोघी त्याच्यावर जीव तोडून चिडलेल्या असतो, आणि मग कंपनीच्या लक्षात येतं की याच्या नावाचे टीशर्ट खपतात. लगेच तो लहान मुलांशी हात मिळवायला लागतो, विनोद करायला लागतो. संपला. पुढची काही वर्षं तो नुसता येतो आणि जातो, आणि लोक त्याला टाळ्या वाजवतात.

टोळ्यांचंही तेच. चार वाईट माणसं एकत्र आली की मला फार बरं वाटतं. पण हल्ली टोळी जमते तीच फुटण्यासाठी. कोण कुणाच्या पाठीत खुर्ची घालणार हे मानसी मला आधीच सांगून ठेवते. आमच्या वेळची काळी चौकडी शेवटपर्यंत टिकली. तिच्यात हंगेरीचा हंटर होता. तो वांद्र्याच्या एका बेकरीत पाव भाजायचा, आणि हंगेरी कुठे आहे हे मीच त्याला शाळेच्या नकाशात दाखवलं होतं. रंगूनचा राजा होता, जो रागावला की कानपूरच्या हिंदीत बोलायचा. जुळा जगन होता, त्याचा जुळा भाऊ कधी कुणी पाहिला नाही. हंटरला शेवटी शेवटी चांगला माणूस करून टाकला, तिथे त्याचं वाटोळं झालं असं माझं मत आहे. आणि चौथा काळा विंचू.

काळा विंचू हा मी पाहिलेला सर्वांत चांगला खलनायक. हे मी त्याची बायको म्हणून म्हणत नाही. बायको म्हणून माझ्या बऱ्याच तक्रारी होत्या. प्रेक्षक म्हणून म्हणते.

माझे यजमान राजाराम घाडी, मूळ मालवणकडचे, लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. आम्ही चिंचपोकळीला चाळीत राहायचो, मी अजूनही तिथेच राहते. आठवडाभर ते साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, खाली शिरून नटबोल्ट आवळायचे आणि रविवारी वरळीच्या स्टेडियमात काळा बुरखा घालून लोकांची हाडं मोडायचे. म्हणजे मोडल्यासारखं करायचे. बुरखा मी शिवलेला होता. काळं सॅटिन, आतून जुन्या धोतराचं अस्तर, डोळ्यांभोवती लाल गोट आणि मागे नाडी. चाळीत एक माणूस सोडला तर कुणालाही याचा पत्ता नव्हता. रविवारी यांची जादा पाळी असते असं आम्ही सांगायचो.

कुस्त्या भरवणाऱ्याला सगळे शेठ म्हणायचे. शेठचं एक शास्त्र होतं. त्याचं म्हणणं, पब्लिक आपोआप चिडत नाही. आरतीला जसा कुणीतरी पहिला सूर लावावा लागतो, तशी पहिली शिवी कुणीतरी घालावी लागते. आणि ती बाईने घातली पाहिजे. चांगल्या घरची, नीट साडी नेसलेली बाई उभी राहून शिवी घालते म्हटल्यावर पुरुषांना परवानगी मिळते. मग स्टेडियम कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आणि ही बाई खलनायकाच्या घरचीच हवी, म्हणजे ती नेमकी वेळ साधते आणि बाहेर बडबडत नाही. विंचवाच्या घरचं म्हणजे मीच.

मी परळला म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. दर रविवारी पहिल्या रांगेत जाऊन बसायची. विंचू रिंगमध्ये इतरांसारखा दोरीवरून यायचा नाही. सगळ्यांत खालच्या दोरीखालून, पोटावर, सरपटत यायचा. गिरणीत साच्याखाली शिरायची जी सवय, तीच. अर्धा आत, अर्धा बाहेर असताना तो थांबायचा आणि मान माझ्याकडे वळवायचा. तेव्हा मी उठायची.

"मेल्या, तुझी नांगी ठेचली! तुझ्या तोंडात माती पडली!"

आणि मग सगळं स्टेडियम. मी चप्पलही फेकायची. एकदा ती खरीच नाकावर बसली. रात्री हे घरी आले ते नाकाला हळद लावून.

"माझ्या नाकाचो चेंदो केलंस गो," म्हणाले. "पण फेक बरी होती."

"तुम्ही मान काढली होतीत बाहेर. मी काय करू?"

"आणि गाळी जरा मोठ्यान घाल. मागच्या बाकार आयकाक येयना."

"पोरांची तोंडी परीक्षा होती. घसा बसलाय माझा."

"मग माझीपण तोंडीच घे. लेखी काय माका जमाची नाय."

विंचवाला मी भर सभेत अरेतुरे करायची आणि घरी आल्यावर अहोजाहो. चाळीत मात्र वेगळीच समजूत झाली. आमच्या माळ्यावरचे चारजण कुस्त्यांना यायचे, त्यांनी येऊन सांगितलं की घाडीबाईंच्या अंगात येतं. घाडीबाईंसमोर विंचवाचं नाव काढायचं नाही. मुलं मुद्दाम दारावरून "विंचू! विंचू!" ओरडत पळायची आणि मी लाटणं घेऊन बाहेर यायची. हे बाहेर गॅलरीत विडी ओढत उभे असायचे. शेजारी त्यांना म्हणायचे, "राजाराम, बायकोला आवर की रे." हे मान हलवायचे, "काय सांगूचा हिका." लोकांना त्यांची दया यायची. आम्ही आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसायचो.

बुरखेवाल्या पैलवानाचा एक नियम असतो. त्याला जो हरवील, तोच त्याचा बुरखा काढू शकतो. आणि एकदा तोंड दिसलं की तो बुरखा पुन्हा घालायचा नाही. विंचवाचा बुरखा उतरवायची कुस्ती ठरली होती, भिंतींवर जाहिरातीही लागल्या होत्या. ती व्हायच्या आधीच शेठचा धंदा बसला आणि कुस्त्या कायमच्या बंद झाल्या. विंचू कोण, हे कुणाला कळलंच नाही. मी म्हटलं, आता सांगा की लोकांना. निदान मुलाला तरी. हे म्हणाले, "माका कोणी हरवूक नाय. मग मी बुरखो कित्याक काढू?"

त्यानंतर चाळीस वर्षांत त्यांनी तो काढला नाही. गिरणी गेली, पुढे एका बँकेच्या दारात वॉचमन म्हणून उभे राहिले, लोकांनी त्यांना "ए वॉचमन" म्हणून हाक मारली, तेव्हाही नाही. कधी कुणी जुन्या कुस्त्यांचा विषय काढला तर विचारायचे, "कोण विंचू?" भोईवाड्याच्या स्मशानात नेताना मी त्यांच्या सदऱ्याच्या आत, छातीवर, बुरखा ठेवून दिला. तो त्यांच्याबरोबर गेला. त्यालाही आता बारा वर्षं झाली.

गेल्या गणपतीनंतर एके संध्याकाळी मानसी फोन घेऊन धावत आली.

"आजी, तुझा दुश्मन सापडला!"

"कोण दुश्मन?"

"काळा विंचू! जिवंत आहे! नालासोपाऱ्याला असतो!"

फोनवर हर्षवर्धन नावाचा एक तरुण बोलत होता. त्याचं मुंबईच्या जुन्या कुस्त्यांवर चॅनल आहे आणि लाखभर लोक ते बघतात. शेजारी गळ्यात हार घालून एक म्हातारा बसला होता. मी चष्मा पुसून पाहिलं. माधव होता.

माधव आमच्याच चाळीत, तिसऱ्या दाराला राहायचा. शेठकडे तो बादलीवाला होता. दोन फेऱ्यांच्या मध्ये कोपऱ्यात स्टूल ठेवायचं, पाणी द्यायचं, टॉवेलने वारा घालायचा. चाळीत विंचवाचं गुपित आम्हा दोघांखेरीज त्याला तेवढं ठाऊक होतं. एकदा, एकदाच, पुण्याच्या कुस्तीला यांचा खांदा निखळला होता म्हणून शेठने माधवला बुरखा चढवला. मी पहिल्या रांगेत होते. माधव दोरीवरून आत गेला, बसमध्ये चढावं तसा, आणि वर धोतर सावरल्यासारखा हात केला. लोक हसले. मी उठून उभी राहिले आणि माझ्या तोंडून शिवीच निघेना. त्यानंतर शेठने त्याला पुन्हा बुरख्याला हात लावू दिला नाही.

आता तो फोनमध्ये सांगत होता, "एक बाई मला फार शिव्या द्यायची. चिंचपोकळीची. मास्तरीण होती."

हर्षवर्धनला पत्ता काढायला वेळ लागला नाही. तो घरी आला, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, "आजी, तुम्ही लेजंड आहात. विंचवाच्या सगळ्यांत मोठ्या हेटर." त्याच्या मनात लालबागच्या एका मंडळाच्या सभागृहात विंचवाचा सत्कार करायचा होता. मीही स्टेजवर यायचं, पन्नास वर्षांचं वैर संपवायचं, विंचवाला गुलाब द्यायचा.

"आणि विंचू काय करणार?" मी विचारलं.

"ते बुरखा काढतील, आजी. चॅनलवर चेहरा दिसला, पण रिंगमध्ये पहिल्यांदाच. पब्लिकसमोर. आणि तुमच्या हातात देतील."

मी येते म्हटलं. त्याच क्षणी मी ठरवलं होतं की स्टेजवर जाऊन नाव सांगायचं. त्यांनी आयुष्यभर राखलेला बुरखा बादलीवाल्याने चोरून घालायचा आणि वर स्वतःच्या हाताने उतरवायचा, हे मला चालणार नव्हतं. यांचा नियम यांनी पाळला. मला कुणी कुठला नियम घातला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी मानसीने मला घडीची साडी नेसवली. सभागृह भरलं होतं. माझ्या वयाचे थोडे, बाकी सगळी पोरंपोरी, अंगात पैलवानांची चित्रं असलेले टीशर्ट. मध्ये एक छोटी रिंग बांधली होती. हर्षवर्धनने मला पडद्यामागे बसवलं आणि माईक शोधायला गेला. तिथे माधव बशीतून चहा पीत होता. मला बघून त्याने बशी खाली ठेवली.

"वहिनी."

"लाज नाही वाटत रे तुला?"

"वाटली. आधी वाटली." तो हळू बोलत होता, पण नजर चुकवत नव्हता. "वहिनी, राजारामला ते नको होतं. मी विचारलंवतं त्याला. गिरणी गेली तेव्हा म्हटलं, सांग लोकांना, चार पैशांचं काम मिळेल कुठे तरी. नको म्हणाला. मग ते असंच पडून होतं. रिकामं. मी घेतलं."

"तो बुरखा रिकामा नव्हता. ते गेले तेव्हा त्यांच्या छातीवर होता."

"तेच म्हणतोय. आता काय पुरावा आहे तुमच्याकडे? आणि ऐकणार कोण? अख्ख्या गिरणगावाला माहितीये, विंचवाला सगळ्यांत जास्त शिव्या तुम्ही घातल्यात." मग त्याचा आवाज उतरला. "सून मला जेवायला मोरीजवळ बसवायची वहिनी. आता नातवाचे मित्र सेल्फी काढायला येतात. पाट मध्ये मांडते."

खोटारडा का होईना, माणूस केविलवाणा होता. पण मी आले होते ते नाव सांगायला.

हर्षवर्धनने आधी मला रिंगमध्ये नेलं. टाळ्या पडल्या. मग दिवे गेले, कुठलं तरी ढणढण संगीत लागलं, आणि बुरखा घातलेला माधव आला. बुरखा बाजारातला, मागे चेन असलेला. दोन मुलांनी दोऱ्या फाकवून धरल्या आणि त्याला मधून आत घेतला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. विंचवाला, टाळ्या. मला त्या क्षणी यांची इतकी आठवण आली की माझ्या हातातला गुलाब खाली पडला.

"आजी," हर्षवर्धन माईकवर म्हणाला, "पन्नास वर्षांनी तुमचा दुश्मन समोर आहे. काय सांगाल त्याला?"

मी माईक घेतला. "हा विंचू नाही," म्हटलं. "हा माधव. हा कोपऱ्यात बादली धरायचा. विंचू दोरीखालून यायचा, पोटावर. विंचू माझे यजमान होते. राजाराम घाडी. लालबागला गिरणीत फिटर होते. बुरखा मी शिवला होता. ते कधी हरले नाहीत, म्हणून त्यांनी तो काढला नाही. याला तो काढायचा काही हक्क नाही."

क्षणभर सगळं शांत झालं. मी इतकी वर्षं वर्ग सांभाळले आहेत, पोरं ऐकायला लागली की कसं शांत होतं ते मला कळतं. मला वाटलं, पोचलं.

आणि मग शिट्ट्या सुरू झाल्या. बाकं बडवली गेली. "काय प्रोमो मारला आजीने!" "ट्विस्ट, ट्विस्ट!" "वन्स मोअर!" हर्षवर्धनचा चेहरा असा उजळला की जणू त्याला लॉटरीच लागली. त्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

"मी खरं सांगतेय," मी म्हटलं. "मेल्यांनो, मी खरं सांगतेय!" तशा शिट्ट्या आणखी वाढल्या.

तेव्हा माधवने आयुष्यात पहिल्यांदा रिंगमध्ये एक गोष्ट बरोबर केली. तो माझ्याशी वाद घालायला गेला नाही. तो खुर्चीवर बसला, मान खाली घातली, आणि बुरख्याखाली बोटं घालून डोळे पुसले. खरेच पुसले असतील. मला सांगता यायचं नाही. सभागृहातून एक "अरेरे" उमटला.

दुसऱ्या रांगेतून एक बाई उठली. चाळिशीची असेल, चांगली साडी, पदराला पिन, खांद्याला पर्स. अगदी शेठने निवडावी अशी.

"आजी, बस करा!" ती ओरडली. "म्हाताऱ्या माणसाला छळताय, लाज वाटत नाही?"

आणि मग सगळं सभागृह. पहिल्या शिवीनंतर काय होतं ते मी आयुष्यभर पाहिलं होतं, पण समोरून. रिंगच्या आतून ते कसं ऐकू येतं हे मला तेव्हा कळलं. आवाज नुसता कानात येत नाही, पायाखालची फळी हलते. "हू! हू! आजी हाय हाय!" पोरं हसत होती, मजेत होती, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी दोरीकडे बघितलं. वरून जायचं वय नव्हतं, आणि खालून जायची माझी योग्यता नव्हती. त्या दोन मुलांनी दोऱ्या फाकवल्या आणि मला मधून बाहेर काढलं, माधवसारखंच.

बुरखा त्याने नंतर काढला म्हणे. मी थांबले नाही.

टॅक्सीत, भारतमाता सिनेमाजवळ, मानसी म्हणाली, "आजी, ते खरं होतं?"

"हो."

"आजोबा?"

"हो."

ती माझा हात धरून रडायला लागली. मग चिडली. "मग आधी का नाही सांगितलंस? माझ्या शेजारी बसून रोज कुस्त्या बघतेस आणि हे सांगत नाहीस?" मी काय सांगणार? मागच्या महिन्यात सांगितलं असतं तर ती एक गोष्ट असती. आता तो ट्विस्ट झाला होता.

रात्रीतच हर्षवर्धनने व्हिडिओ टाकला. मानसीने त्याखाली लिहिलं : 'मी त्यांची नात. आजी खरं बोलते आहे. काळा विंचू माझे आजोबा, राजाराम घाडी.' सकाळपर्यंत तिला पुष्कळ उत्तरं आली होती. तिने मला दाखवायचं टाळलं, पण मी तिचा फोन घेऊन वाचली. 'नात पण कॅरेक्टरमध्ये आहे, भारी.' 'स्टोरीलाइन आवडली.' 'राजाराम नाव जुनं वाटतं, रिसर्च चांगला केलाय.' हर्षवर्धनने मानसीचं वाक्य सगळ्यांच्या वर, ठळक दिसेल असं लावून ठेवलं होतं आणि शेजारी लाल बदाम दिला होता.

म्हणजे नाव लोकांपर्यंत पोचलं. लाखभर लोकांनी वाचलं. त्यातल्या एकालाही असा कुणी माणूस खरंच होता असं वाटलं नाही.

दुपारी हर्षवर्धनचा फोन आला. तो खूश होता. दादरला मोठा कार्यक्रम करू म्हणाला. एका बाजूला विंचू, दुसऱ्या बाजूला विंचवाची बायको म्हणवून घेणारी मी.

"म्हणवून घेणारी?"

"तसं ठेवू ना आजी, सस्पेन्स राहतो. पब्लिक तुम्हाला हूट करेल, पण मनावर घेऊ नका हं. व्हिलनला शिव्या म्हणजे टाळ्याच असतात."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "पहिली शिवी कोण घालणार?"

"कुणी कशाला? पब्लिक आपोआप घालतं."

याला या धंद्यातलं काही कळत नाही. मी नाही म्हणून सांगितलं. तो बराच वेळ समजावत राहिला. वयाचं कारण असेल असं त्याला वाटलं, गाडी पाठवतो म्हणाला. मी फोन ठेवला.

मानसी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "घाबरलीस का गं?"

"शिव्यांना? छे."

शिव्यांचं मला काही वाटलं नसतं. त्या खायला मी तयार होते, यांच्या नावाने तर पोटभर खाल्ल्या असत्या. पण आत शिरताना मान वळवून बघायला पहिल्या रांगेत आपलं माणूस बसलेलं लागतं. ते बारा वर्षांपूर्वीच उठून गेलं.